कुलपांतलें प्रमाण

'प्रमाण' हा शब्द आपल्या भाषेंत मोठ्या मानाचा आहे. ज्याच्या आधारें दोघांमधला वाद मिटतो तें प्रमाण, अशी त्याची साधी व्याख्या करतां येईल. बाजारांतील शेर-पायली दुकानदार व गिऱ्हाईक या दोघांनाहि दिसेल अशा जागीं असते, म्हणूनच ती दोघांमधलें न्यायासन ठरते. उद्यां एखाद्या दुकानदारानें माप आंतल्या खोलींत कुलपांत ठेवलें आणि "माझें माप खरें आहे, तुम्हांस तें पाहावयाचें असेल तर आधीं दुकानाचे वर्गणीदार व्हा," असें गिऱ्हाइकास सांगितलें, तर त्याच्या मापास आपण माप म्हणणार नाहीं आणि त्याच्या दुकानांत पुन्हां पाऊलहि टाकणार नाहीं. परंतु हाच व्यवहार संगणकाच्या धंद्यांत आज राजरोस चालू आहे, आणि सुशिक्षितांस त्याचें नवलहि वाटेनासें झालें आहे. संगणकाचे निरनिराळे भाग ज्या सामाईक मार्गानें एकमेकांशीं बोलतात, त्या मार्गाच्या नियमांस 'प्रमाण' हेंच भारदस्त नांव दिलेलें आहे, आणि तें प्रमाण वाचावयास मागणारास पुष्कळ वेळां पहिला प्रश्न येतो तो "आपण सभासद आहांत काय?" हा. प्रस्तुत लेखाचा उद्देश एवढेंच दाखविण्याचा आहे कीं, जें प्रमाण कोणाहि सामान्य जिज्ञासूस वाचतां येत नाहीं, तें प्रमाण या नांवास पात्र नव्हे; तो कांहीं व्यापाऱ्यांमधला खासगी करारनामा होय.

कोणी म्हणेल, हा विषय यंत्रज्ञांचा. वाङ्मयाच्या मासिकांत त्याची चर्चा कशाला? त्यास उत्तर असें कीं, आज मुलांचा अभ्यास, बँकेंतील खातें, रुग्णालयांतील तपासणीचें यंत्र आणि कारखान्यांतील लोखंड कापणारें यंत्र या सर्वांच्या पोटांत संगणक जाऊन बसला आहे. ज्या वस्तूवांचून समाजाचा एक दिवसहि जात नाहीं, तिचे नियम कोणाच्या हातीं असावेत, हा प्रश्न यंत्रज्ञांचा जितका, तितकाच नागरिकांचाहि आहे. शिवाय ग्रंथ कोणी वाचावा व कोणी वाचूं नये, हा तर वाङ्मयाच्या मासिकाचा अगदीं घरचा विषय आहे.

मूळ वस्तु थोडक्यांत समजून घेऊं. संगणकांत हिशेब करणारा एक भाग, स्मरण ठेवणारा दुसरा, चित्र दाखविणारा तिसरा, असे अनेक भाग असतात. प्रत्येकापासून प्रत्येकापर्यंत स्वतंत्र तारा ओढावयाच्या म्हटल्या तर तारांचें रान माजेल. म्हणून पूर्वींपासून अशी योजना रूढ झाली कीं, सर्वांसाठीं तारांचा एक सामाईक हमरस्ता आंखावयाचा, त्यावर जागोजागीं खांचा ठेवावयाच्या, आणि नवा भाग जोडावयाचा असेल तेव्हां त्याचें कार्ड त्या खांचेंत बसवावयाचें. या हमरस्त्यास 'बस' म्हणतात. या नांवाची कुळकथा मोठी बोधप्रद आहे. विजेच्या कारखान्यांत सर्व मंडलांस वीज पुरविणाऱ्या जाड धातूच्या पट्टीस 'बसबार' म्हणत. तो 'बस' शब्द 'ऑम्निबस' या लॅटिन शब्दाचें शेंपूट आहे, आणि 'ऑम्निबस' याचा अर्थ 'सर्वांसाठीं' असा आहे. सर्वांसाठीं असें जिचें नांव, तिचे नियम मात्र सभासदांसाठीं! आमच्या तक्रारीचा सारांश या एका विसंगतींत सामावलेला आहे.

आतां हे नियम लिहिलेला ग्रंथ मिळाला नाहीं तर बिघडतें काय? यंत्र समोर आहे, तारा मोजतां येतात, उपकरणें लावून त्यांतून काय वाहतें तेंहि पाहतां येतें. मग हुशार माणसानें स्वतःच शोधून काढावें, असा एक भाबडा युक्तिवाद ऐकूं येतो. तो करणारांस नियम आणि उदाहरण यांतील भेद कळलेला नाहीं. आयबीएम कंपनीच्या १९८१ सालच्या संगणकाच्या खांचेंत ६२ संपर्क होते; त्यांपैकीं २० तारा पत्ता सांगण्याच्या व ८ तारा माहिती नेण्याच्या. एवढें डोळ्यांनीं व उपकरणांनीं कळेल. परंतु पत्ता तारेवर ठेवल्यानंतर किती अब्जांश सेकंदांनीं आज्ञा द्यावी, आज्ञा संपल्यावर माहिती किती वेळ स्थिर राहिली पाहिजे, उशीर करणाऱ्या कार्डानें थांबण्याची विनंति कोणत्या क्षणापर्यंत करावी, या मर्यादा एका यंत्राकडे पाहून कळत नाहींत. समोरचें यंत्र काय करीत आहे एवढेंच उपकरण सांगतें. कोणत्याहि यंत्रानें काय करावें व काय करूं नये, हें फक्त ग्रंथ सांगतो. शेजारच्या एका सज्जनाचें वागणें पाहून देशाचा कायदा समजत नाहीं, त्यांतलाच हा प्रकार आहे.

ग्रंथावांचून काय होतें याचें उदाहरण इतिहासानें आपल्यासाठीं करून ठेवलें आहे. १९७५ च्या जानेवारींत अमेरिकेंतील 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स' या मासिकाच्या मुखपृष्ठावर 'अल्टेअर ८८००' नांवाचा, हौशी लोकांनीं घरीं जोडावयाचा संगणक झळकला. त्याच्या खांचेस शंभर संपर्क होते, म्हणून त्या बसला पुढें 'एस-१००' हें नांव पडलें. मागणी इतकी आली कीं, इतर कंपन्याहि त्या खांचेंत बसणारीं कार्डें करूं लागल्या. परंतु वेळेच्या मर्यादा नीट लिहून ठेवलेलें प्रमाण कोठेंच नव्हतें. प्रत्येकानें आपल्या समजुतीप्रमाणें अर्थ लावला. रिकाम्या राहिलेल्या तारा ज्यानें त्यानें आपापल्या कामीं लाविल्या. परिणाम असा झाला कीं, खांच एक, कार्डाचा आकार एक, पण एका कंपनीचें कार्ड दुसऱ्या कंपनीच्या यंत्रांत चालेलच याची कोणासहि खात्री देतां येईना. अमेरिकेंतील विद्युत् अभियंत्यांच्या आयईईई या संस्थेनें या बसचें रीतसर प्रमाण ठरवून छापलें तें १९८३ सालीं. तोंवर आयबीएमचा संगणक बाजारांत येऊन दोन वर्षें लोटलीं होतीं, आणि एस-१०० चा सुकाळ सरत चालला होता.

त्या आयबीएमची कथा तर या वादांतील मुख्य साक्ष आहे. १९८१ च्या ऑगस्टमध्यें आपला व्यक्तिगत संगणक बाजारांत आणतांना या कंपनीनें त्याच्या यंत्ररचनेचा ग्रंथहि विकावयास ठेवला. त्यांत तारांच्या जोडणीचे सर्व नकाशे होते. इतकेंच नव्हे तर यंत्राच्या पोटांत कायम कोरलेली मूळ आज्ञावली ओळ न् ओळ छापलेली होती. हें कांहीं निव्वळ औदार्यानें केलेलें नव्हतें. लोकांनीं जोडकार्डें करावींत, त्यामुळें यंत्राचा खप वाढावा, आणि मूळ आज्ञावलीवर लेखनाधिकार असल्यामुळें यंत्राची हुबेहूब नक्कल मात्र कोणास करतां येऊं नये, असा तो व्यापारी हिशेब होता. त्यांतील पहिला भाग अपेक्षेबाहेर खरा ठरला. गांवोगांवच्या लहान कंपन्यांनीं कार्डें केलीं आणि यंत्राचा पसारा वाढत गेला. दुसरा भाग साफ फसला. कोलंबिया डेटा प्रॉडक्ट्स व कॉम्पॅक या कंपन्यांनीं १९८२ सालींच त्या यंत्राशीं जुळणारीं यंत्रें जाहीर केलीं. कॉम्पॅकनें तर मूळ आज्ञावली पाहिलेली नाहीं अशा माणसांकडून नवी लिहवून घेतली. आयबीएमच्या हातून मक्ता गेला हें खरें. पण जगाच्या हातीं संगणक आला तो या उघड्या ग्रंथामुळें. आज आपल्या मेजावर जें यंत्र असतें, त्याची वंशावळ त्या ग्रंथापर्यंत जाऊन पोहोंचते.

पुढें जें झालें तें अधिक मननीय आहे. हातचा मक्ता गेल्याचें शल्य धरून आयबीएमनें १९८७ च्या एप्रिलमध्यें 'मायक्रो चॅनल' नांवाची नवी बस आणली. गुणांच्या दृष्टीनें ती जुनीहून सरस होती, हें तिच्या विरोधकांनींहि नाकारलें नाहीं. परंतु तिच्यावर स्वामित्वहक्कांची भिंत उभारलेली होती. तिचें वर्णन वाचतां आलें तरी त्यावरहुकूम यंत्र करावयाचें म्हणजे परवाना घ्यावयाचा आणि विक्रीचा हिस्सा कंपनीस द्यावयाचा, असा बंदोबस्त होता. ग्रंथ कुलपांत ठेवण्याचा हा दुसरा प्रकार : पानें उघडीं, पण हात बांधलेले. त्यावर कॉम्पॅकसह नऊ कंपन्या १९८८ च्या सप्टेंबरांत एकत्र आल्या व त्यांनीं जुन्या बसचाच विस्तार करून 'ईसा' ही बस जाहीर केली. गंमत अशी कीं, ज्या जुन्या बसवर सारा व्यापार चालला होता तिला तोंवर धड नांवहि नव्हतें. 'आयएसए' हें तिचें नांव या नऊ जणांनीं मागाहून ठेविलें. मायक्रो चॅनल गुणवती असूनहि चार घरीं नांदली नाहीं, आणि पुढील दशकांत ती लयास गेली. गुणांपेक्षां उघडेपणा बलवत्तर ठरला, असा याचा अर्थ आम्ही करतों.

येथें एक गोष्ट प्रांजळपणें सांगितली पाहिजे. आयबीएमचा उघडा ग्रंथहि पूर्ण नव्हता. नकाशे होते, पण दुसऱ्यानें अधिक वेगाचें यंत्र केलें तर कोणत्या मर्यादा पाळाव्यात, हें त्यांत नव्हतें. त्यामुळें १९८४ नंतर अधिक वेगाचीं यंत्रें निघूं लागलीं तेव्हां जुनीं कार्डें त्यांत अडखळूं लागलीं. आयईईईनें 'पी-९९६' या नांवाखालीं या बसचें प्रमाण ठरविण्याचें काम हातीं घेतलें, परंतु तें मसुद्यापलीकडे जाऊन कधीं मंजूर झालें नाहीं. म्हणजे जगांत सर्वाधिक पसरलेल्या बसचें अधिकृत असें प्रमाण कधींच झालें नाहीं! अभियंत्यांनीं ती शिकून घेतली ती एडवर्ड सोलारी यांच्यासारख्या लेखकांच्या पुस्तकांवरून. प्रमाणाची जागा अशा रीतीनें टीकाग्रंथांनीं भरून काढली. टीकाकारांचे उपकार मान्य केले तरी मूळ सूत्रांवांचून नुसत्या भाष्यावर शास्त्र चालविणें किती अवघड, हें संस्कृत शिकलेल्या वाचकांस निराळें सांगावयास नको.

आयएसएची जागा घेणारी 'पीसीआय' ही बस इंटेल कंपनीनें १९९२ सालीं पुढें आणली, आणि तिच्या सांभाळासाठीं त्याच वर्षीं एक मंडळ स्थापन झालें. त्या बसची धाकटी बहीण 'पीसीआय एक्स्प्रेस' २००३ पासून प्रचारांत आहे. आजचे बहुतेक सर्व व्यक्तिगत संगणक व मोठमोठे माहितीसांठे तिच्यावरच चालतात. मंडळाचे सभासद आठशेंवर आहेत. जो सभासद होईल त्यास ग्रंथ मिळतो. सभासदत्वाची वर्गणी वर्षास कांहीं हजार डॉलर आहे. सभासद नसणारास ग्रंथ विकत मिळूं शकतो, पण ती किंमतहि एखाद्या विद्यार्थ्याच्या किंवा लहान दुरुस्तीवाल्याच्या आवाक्यांतली नव्हे. मंडळानें काम उत्तम केलें आहे, याविषयीं आमचा वाद नाहीं. वीस वर्षांमागील कार्ड आजच्या खांचेंत चालावें इतकी शिस्त राखणें ही लहान गोष्ट नव्हे. आमचा वाद एवढाच कीं, इतकें चांगलें काम करून त्याचा ग्रंथ पडद्यांत कां ठेवावा?

या पडद्याच्या समर्थनार्थ चार मुद्दे सांगण्यांत येतात. त्यांचा क्रमानें विचार करूं.

पहिला मुद्दा पैशाचा. प्रमाणें ठरविण्यास सभा भरवाव्या लागतात, चांचण्या कराव्या लागतात, पगार द्यावे लागतात. ग्रंथ फुकट वाटला तर हा खर्च कोठून निघावा? प्रश्न योग्य आहे, पण त्याचें उत्तर जगानें केव्हांच देऊन ठेवलें आहे. घरोघरच्या यंत्रांस असलेली 'यूएसबी' ही खांच १९९६ पासून आहे, आणि तिचें प्रमाण कोणासहि एक पैसा न देतां उतरवून घेतां येतें. तिचें मंडळ आपला खर्च भागवितें तो सभासदांच्या वर्गणीवर, कंपन्यांस द्यावयाच्या ओळखक्रमांकांवर व बोधचिन्हाच्या परवान्यांवर. म्हणजे माल विकून पैसा मिळविणारांकडून पैसा घ्यावयाचा, वाचणारांकडून नव्हे. संगणकांस एकमेकांशीं जोडणाऱ्या 'इथरनेट'चीं प्रमाणें पूर्वीं विकत घ्यावीं लागत. आयईईईनें २००१ पासून तीं प्रसिद्धीनंतर कांहीं महिन्यांनीं विनामूल्य देण्याची योजना चालविली आहे. संस्था बुडाली नाहीं. इंटरनेटचे नियम तर १९६९ पासून सर्वांस खुले आहेत, आणि त्या उघड्या कागदांवर केवढी इमारत उभी राहिली हें सांगण्याची जरूर नाहीं. तेव्हां खर्चाचा मुद्दा हा अडचणीचा नसून संवयीचा आहे.

दुसरा मुद्दा असा कीं, ग्रंथ सर्वांच्या हातीं पडला तर अर्धवट शिकलेले लोक वाईट माल करतील व बसची अब्रू जाईल. हा युक्तिवाद आपल्या कानांस अपरिचित नाहीं. वेद कोणी ऐकावे, वैद्यक कोणी शिकावें, यांविषयीं याच चालीवर शतकानुशतकें बोललें गेलें आहे. वाईट माल ग्रंथ वाचून होत नाहीं. तो ग्रंथ न वाचतां होतो. एस-१०० चा गोंधळ हा वाचकांची गर्दी झाल्यामुळें नव्हे, वाचावयास कांहीं नव्हतें म्हणून झाला. मालाची पारख करावयाची असेल तर ती मालावर करावी, परीक्षा घ्यावी, उतरेल त्यास चिन्ह द्यावें. वाचनालयाच्या दारावर पहारा बसवून कारागीर चांगले निपजत नाहींत.

तिसरा मुद्दा सर्वांत सोपा आणि म्हणून सर्वांत फसवा आहे : ज्यास खरी गरज आहे तो पैसे देतोच. देतो, हें खरें. पण कोण देतो? मोठी कंपनी देते, कारण तिच्या ताळेबंदांत कांहीं हजार डॉलर ही पानसुपारीची रक्कम आहे. उलट पिंपरी-चिंचवडच्या एखाद्या लहान कारखान्याची कल्पना करा. तेथें पंचवीस वर्षांमागें घेतलेलें कापकामाचें यंत्र आहे. त्याचें लोखंड अजून पंचवीस वर्षें टिकेल, पण त्याच्या पोटांतील एक जुनें कार्ड निकामी झालें आहे. करणारी कंपनी तें कार्ड आतां करीत नाहीं. दुरुस्त करणारास बसचे नियम कळले, तर दुसरें कार्ड जुळवितां येईल. नाहीं तर लाखों रुपयांचें यंत्र भंगारांत जाईल. सांगलीच्या किंवा अमरावतीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतील एखादी विद्यार्थिनी घ्या. बस कशी चालते हें मुळापासून शिकावें अशी तिला इच्छा आहे. तिच्या पदरीं कंपनी नाहीं, मंडळाचें सभासदत्व नाहीं. पाठ्यपुस्तकांतील दोन पानांचें सार वाचून ती परीक्षा उत्तीर्ण होईल. परंतु नवी बस निर्माण करण्याची उमेद ज्या सखोल वाचनांतून येते, तें वाचन तिच्या वांट्यास येणार नाहीं. गरज असणारा पैसे देतो या वाक्यांत गरज शब्दाचा अर्थच मुळीं 'पैसे देण्याची ऐपत' असा केलेला आहे. आणि ही ऐपत डॉलरांत मोजावयाची असल्यामुळें जें अमेरिकेंतल्या लहान माणसास नुसतें महाग, तें आपल्याकडील लहान माणसास अशक्य होऊन बसतें.

चौथा मुद्दा उघडपणें कोणी मांडत नाहीं, पण खासगींत सर्व सांगतात : "अहो, शोधलें तर कोठेंतरी प्रत मिळतेच!" मिळते, हेंहि खरें. परंतु या उत्तरांत दोन दोष आहेत. एक, ज्ञान मिळविण्यासाठीं सरळ माणसास चोरवाटेनें जावें लागतें, आणि ज्याची सदसद्विवेकबुद्धि जागी आहे तोच मागें राहतो. दुसरा दोष व्यवहारांतला आहे. चोरवाटेनें मिळणारी प्रत बहुधा जुन्या आवृत्तीची किंवा मसुद्याची असते. मंडळानें मागाहून काढलेलीं शुद्धिपत्रें तिच्यांत नसतात. अशा प्रतीवर विसंबून केलेलें कार्ड चालत नाहीं, आणि मग वर सांगितलेले पहारेकरी म्हणावयास मोकळे होतात कीं, पाहा, आम्ही म्हणत होतों तेंच झालें!

याखेरीज काळाचा एक प्रश्न आहे, आणि आमच्या मतें तो सर्वांत गंभीर आहे. मंडळें अमर नसतात. यंत्रें मात्र मंडळांहून दीर्घायुषी ठरूं शकतात. मांडीवरच्या संगणकांत बसणाऱ्या लहान कार्डांचें प्रमाण सांभाळणारी 'पीसीएमसीआयए' नांवाची संस्था एके काळीं मोठ्या जोरांत होती. २०१० च्या सुमारास ती विसर्जित झाली, आणि तिचें उरलेंसुरलें काम यूएसबीच्या मंडळाकडे गेलें. एस-१०० चें प्रमाण आयईईईनें १९९४ सालीं मागें घेतलें. प्रमाण मागें घेतल्यानें खांचेंतील कार्ड कांहीं मागें घेतलें जात नाहीं. तें आपल्या जागीं राहतें, आणि त्याचे नियम सांगणारा कागद मात्र शोधीत हिंडावें लागतें. आज जुन्या यंत्रांचे ग्रंथ वाचावयास मिळतात ते बहुतांशीं 'बिटसेव्हर्स' व 'इंटरनेट अर्काइव्ह' यांच्यासारख्या संग्रहांच्या पुण्याईनें. तेथें कोणीं कोणीं अडगळींतलीं जुनीं पुस्तकें एकेक पान चित्रित करून जपून ठेवलीं आहेत. ज्यांचा ग्रंथ छापला व वाटला गेला, त्यांचें ज्ञान अशा रीतीनें तरलें. ज्यांनीं तो सभासदांच्या कपाटांतच ठेवला, त्यांचें ज्ञान संस्थेबरोबर बुडण्याचा धोका आहे. गुप्तता ही मालकाचीहि शत्रु असते, ती अशी.

दुसरी वाट नव्हती असें नाहीं. १८४१ सालीं इंग्लंडांत जोसेफ व्हिटवर्थ यांनीं व १८६४ सालीं अमेरिकेंत विल्यम सेलर्स यांनीं स्क्रूच्या आट्यांचें प्रमाण सुचविलें, तें अभियंत्यांच्या सभेंत सर्वांसमक्ष निबंध वाचून. त्या आट्यांवर दोन देशांचे कारखाने उभे राहिले. आपल्या शतकाच्या जवळचें उदाहरण पाहिजे असेल तर तें अणुशास्त्रज्ञांचें घ्या. युरोपांतील प्रयोगशाळांच्या 'एसोन' या समितीनें १९६९ सालीं 'कॅमॅक' नांवाची बस ठरविली : ८६ संपर्कांची खांच, २४ तारा वाचण्याच्या, २४ लिहिण्याच्या. तिचा ग्रंथ युरोपीय समाजानें सरकारी अहवालाप्रमाणें छापून प्रसिद्ध केला आणि ती वापरण्यास परवाना लागणार नाहीं असें ठेविलें. त्याचा लाभ आपल्या देशासहि झाला. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रांत कॅमॅकचीं उपकरणें येथल्याच अभियंत्यांनीं तयार केलीं. परदेशी कंपनीच्या दारांत त्यांस तिष्ठत बसावें लागलें नाहीं. १९८१ सालीं मोटोरोला, मॉस्टेक व सिग्नेटिक्स या कंपन्यांनीं आपली 'व्हीएमई' ही बस सार्वजनिक मालकीची म्हणून सोडून दिली. ती प्रयोगशाळांत व कारखान्यांत कित्येक दशकें नांदली. हे कंपनीवाले कांहीं संन्यासी नव्हते. रस्ता सर्वांचा झाला म्हणजे आपल्या गाड्याहि अधिक खपतात, एवढा पोक्त विचार त्यांनीं केला.

आपल्या महाराष्ट्रास तर ही गोष्ट निराळ्या क्षेत्रांत चांगली परिचित आहे. गवयांच्या घराण्यांत चिजा लपवून ठेवण्याची रीत होती. शिष्यानें वर्षानुवर्षें सेवा करावी, आणि मर्जी असेल तर उस्तादानें एखादी चीज द्यावी. कित्येक चिजा त्या त्या गवयाबरोबर चितेंत किंवा कबरींत गेल्या. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनीं हिंदुस्थानभर हिंडून त्या चिजा मिळविल्या, स्वरलिपींत लिहिल्या व क्रमिक पुस्तकांच्या रूपानें छापून चार आणे खर्चणाऱ्या विद्यार्थ्याच्याहि हातीं जातील असें केलें. त्या वेळींहि म्हटलें गेलें कीं, यानें विद्या बाजारी होईल. विद्या बाजारी झाली नाहीं, ती वांचली. उस्तादांचा गळा छापतां येत नाहीं हें खरेंच, आणि म्हणूनच उस्तादांचा मानहि कमी झाला नाहीं. यंत्रज्ञानाच्या घराण्यांसहि हाच न्याय लागू आहे. ग्रंथ खुला केला तरी उत्तम कार्ड करण्याचें कसब ज्याचें त्याच्यापाशींच राहतें.

या प्रश्नांत आपल्या देशाचा हितसंबंध आज विशेष आहे. मद्रासच्या आयआयटीनें 'शक्ति' व सी-डॅकनें 'वेगा' हीं प्रक्रियायंत्रें 'रिस्क-फाइव्ह' या खुल्या आज्ञासंचावर उभारलीं आहेत. सी-डॅकचें मुख्य ठाणें पुण्यासच आहे. आज्ञासंचाचा ग्रंथ कोणासहि वाचतां आला म्हणून हें काम होऊं शकलें, हें ध्यानांत ठेविलें पाहिजे. सुदैवानें सरकारी प्रमाणांच्या बाबतींतहि वारें फिरलें आहे. भारतीय मानक ब्यूरोनें स्वतः तयार केलेलीं मानकें पूर्वीं विकत घ्यावीं लागत. तीं आतां नांव नोंदवून विनामूल्य मिळतात. युरोपच्या वरिष्ठ न्यायालयानें ५ मार्च २०२४ रोजीं खेळण्यांच्या सुरक्षिततेच्या मानकांसंबंधीं असा निर्णय दिला कीं, जीं मानकें कायद्याचाच भाग बनलीं आहेत तीं पाहावयास मिळण्यांत लोकांचें वरचढ हित आहे. संगणकाची बस कायद्यानें लादलेली नाहीं, हें आम्हांस मान्य आहे. परंतु जिच्यावांचून यंत्रच मिळत नाहीं अशी वस्तु व्यवहारांत कायद्याहून कमी सक्तीची असते असें नाहीं.

म्हणून आमची मागणी फार मोठी नाहीं. मंडळांनीं स्वामित्वहक्क सोडावे, फुकट माल द्यावा, असें आम्ही म्हणत नाहीं. चिन्हाचे पैसे घ्या, परीक्षेचे पैसे घ्या, विकणारांकडून वर्गणी घ्या. वाचण्याचे मात्र घेऊं नका. नवीन आवृत्ति निघाली म्हणजे निदान मागील आवृत्ति तरी शुद्धिपत्रांसह सर्वांस खुली करा. संस्था विसर्जित करण्याची वेळ आली तर शेवटच्या सभेंत फर्निचराच्या वांटणीआधीं ग्रंथ सार्वजनिक संग्रहांत ठेवण्याचा ठराव करा. आणि आपल्याकडील विद्यापीठें, सरकारी खातीं व मोठे कारखाने यांनीं यंत्रांची खरेदी करतांना करारांत एक कलम घालावें : या यंत्राच्या अंतर्गत मार्गांचीं प्रमाणें आम्हांस वाचावयास व आमच्या दुरुस्तीवाल्यास दाखवावयास मिळालीं पाहिजेत. गिऱ्हाइकानें मागितल्यावांचून दुकानदार माप बाहेर काढीत नाहीं, हा अनुभव जुनाच आहे.

मागण्याची लाज वाटण्याचें कारण नाहीं. आपण कोणाची तिजोरी उघडावयास सांगत नाहीं. ज्या मापानें आपल्याला माल मोजून दिला, तें माप दाखवावयास सांगतों. तें दाखविण्याची ज्याची तयारी नसेल, त्यानें आपला ग्रंथ खुशाल कपाटांत ठेवावा. फक्त त्यावर 'प्रमाण' हा शब्द छापूं नये.